ढील

सालिनासच्या धक्क्यावर आज कुणी कुणाशी बोलत नाही,
जो तो आपापल्या गाठीशी बोलतोय.
हरिकेन शुक्रवारी रात्री, रेडिओ म्हणतो, बहुधा दक्षिणेकडून.
आणि पाणी इतकं निवांत की
खारफुटीत एका पायावर उभ्या बगळ्याला
त्यात आपला दुसरा पाय सापडावा.

बाबा उपड्या बादलीवर बसलेत, गुडघा लांब करून.
शिडं मी कालच उतरवली,
ओल्या गाद्यांसारखी गाडीच्या टपावर लादली.
छताचं कापड, सोलर पॅनेल, मासे धरायची जाळी,
आईने लावलेला पुदिन्याचा डबा,
वाऱ्याच्या हाताला लागेल असं काहीच ठेवायचं नाही.
आता तेर्का दिसते
ऑपरेशनआधी दागिने काढून दिलेल्या बाईसारखी.

तेर्का म्हणजे हट्टी.
नाव आईने ठेवलं होतं. बोटीला की बाबांना,
ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"काचतो कुठे ते बघ," बाबा म्हणतात.
दोर ओढीने क्वचितच तुटतो, काचून तुटतो,
एकाच जागी, रात्रभर, थोडा थोडा.
अग्निशमन बंबाचा जुना पाइप कापून
मी त्याच्या बाह्या दोरांना चढवते,
जिथे जिथे ते कडेवरून वळतात तिथे.

मग खुंटाला घट्ट आवळायला गेले तर खेकसलेच,
"ढील दे! उधाण आलं की धक्का पाण्याखाली,
बोट वर जाईल. आखूड दोर तिला धरून बुडवेल."
"किती ढील?"
त्यांनी हात डोक्याच्या वर नेला.
मग आणखी वर.
हात थरथरत होता,
त्यामुळे नक्की माप कळलं नाही.

शेजारी एकतीस नंबरला सिन्त्रोनची मोटरबोट.
सिन्त्रोन ओरलँडोला. फोन उचलत नाही.
एप्रिलमध्ये डिझेलच्या बिलावरून त्याने बाबांना
सगळ्यांसमोर म्हातारा खेकडा म्हटलं होतं.
त्याचे दोर उन्हाने पांढरे पडलेत,
वाकवले की भुगा सांडतो.
ती सुटली तर आधी आमच्याच अंगावर येणार.
हे गणित आहे, दया नाही, असं मी म्हणाले.
बाबा काहीच म्हणाले नाहीत.

पिशवीत एकच नवा दोर उरला होता, जाड, निळ्या धाग्याचा,
तेर्काच्या पाठीला तिसरा म्हणून आणलेला.
तो घेऊन ते उठले.
दहा पावलांना बराच वेळ लागला.
सिन्त्रोनच्या बोटीला त्यांनी स्वतः गाठ मारली.
चुकली. सोडली. पुन्हा मारली.
माझा हात पुढे झाला, तो कोपराने ढकलला.

गाठ नीट बसली नव्हती.
ते गाडीकडे वळल्यावर
मी वाकून तिच्यावर माझी एक मारली.

मग आत जाऊन तळाचे नळ बंद केले.
पंप चालतो का पाहिला. पुन्हा पाहिला.
कॉफीची किटली उचलली, परत जागेवर ठेवली.
काहीतरी असं राहू दे
ज्यासाठी यावं लागेल.

आता शाळेच्या वर्गात, ढकलून ठेवलेल्या बाकांमध्ये,
खाटेवर ते भिंतीकडे तोंड करून पडलेत.
वीज नऊलाच गेली.
कुणाचं तरी बाळ रडून थांबलंय, कुणीतरी जपमाळ ओढतंय,
वाऱ्याचा आवाज आता वाऱ्यासारखा राहिलेला नाही.
बाहेर कुठला तरी पत्रा सुटला, फरफटत लांब गेला.

झोपले असं वाटत होतं, तर म्हणाले,
"तो निळा दोर कितीला पडला होता?"

मी किंमत कमी करून सांगितली.